संगणकाची साक्ष आणि गरिबाचा शब्द

सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे स्वतः सॉफ्टवेअरवर किती विश्वास ठेवतात, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारीत नाही. तो विचारला पाहिजे. रेशन अंगठ्यावर गेले, पेन्शन बँकखात्याच्या जोडणीवर गेली, शिष्यवृत्ती पोर्टलवर गेली, मजुराची हजेरी मोबाईलच्या फोटोत गेली. या सर्व ठिकाणी सामान्य माणसाला एकच उत्तर ऐकावे लागते, "सिस्टिम घेत नाही." सिस्टिम घेत नाही म्हणजे नेमके कोण घेत नाही? हॉटेलमालक स्वतःच्या हॉटेलात जेवत नसेल तर गिऱ्हाईकाने दोन मिनिटे थांबून विचार करावा, इतके तरी व्यवहारज्ञान आपल्याकडे आहे. तेच व्यवहारज्ञान संगणकाच्या बाबतीत का वापरू नये?

हिंजवडीत नोकरी करणारा, शिष्यवृत्तीवर शिकून अभियंता झालेला, चळवळीच्या घरातला एक तरुण आमच्याकडे येत असतो. पंधरा वर्षे तो हेच काम करतो आहे. त्याचे घर पाहिले तर कोणी म्हणणार नाही की हा माणूस संगणकावर पोट भरतो. घरात बोलणारा स्पीकर नाही, दाराला अंगठ्याचे कुलूप नाही, टीव्हीला इंटरनेट जोडलेले नाही. मोबाईलमध्ये मोजकीच ॲप आहेत आणि एखाद्या ॲपने नंबरांची यादी मागितली की तो सरळ नकार देतो. सोसायटीच्या फाटकावर चेहरा ओळखणारे यंत्र बसवायचे ठरले तेव्हा सभेत विरोधाचा हात वर करणारा हा एकटाच होता. खिशात नेहमी पाचशे-हजार रुपये रोख. कारण विचारले तर म्हणतो, "सर, सर्व्हर कधी पडेल हे सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही माहीत नसते. मीच सांभाळतो, म्हणून सांगतो."

त्याची ही मते आम्ही सुरुवातीला तऱ्हेवाईकपणा म्हणून सोडून देत होतो. परंतु अंगठ्याच्या यंत्राविषयी त्याने जे समजावून सांगितले ते प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखे आहे. यंत्र "जुळले" किंवा "जुळले नाही" असे सांगते तेव्हा ते निकाल देत नसते, अंदाज सांगत असते. नोंदवलेला ठसा आणि समोरचा ठसा यांच्या साम्याला यंत्र गुण देते. किती गुणांना पास करायचे ही रेषा कोणीतरी खुर्चीत बसून ठरवलेली असते. रेषा खाली आणली तर परका माणूस आत शिरतो, वर नेली तर खरा माणूस बाहेर राहतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्य करता येत नाहीत. म्हणजे कोणाला तरी चुकून बाहेर ठेवले जाणार, हे यंत्र बसवतानाच ठाऊक असते. आणि बाहेर कोण राहणार? ज्याची बोटे वीटभट्टीवर, ऊसतोडीत, झाडूकामात, धुण्याभांड्यात झिजली तो. ज्याची बोटे की-बोर्डवर चालतात त्याचा ठसा यंत्र पहिल्या झटक्यात ओळखते.

त्याचे आणखी एक म्हणणे असे की प्रत्येक प्रोग्राममध्ये चुका असतात, कंपनीकडे त्या चुकांची यादीही असते आणि ठरलेली तारीख आली की यादीसकट माल बाहेर जातो. यात त्याला काही विशेष वाटत नाही. तो त्याच्या धंद्याचा रोजचा व्यवहार आहे. आम्हाला मात्र वकील म्हणून हे वाक्य ऐकून धक्का बसला. कारण न्यायालयात आणि कचेरीत संगणकाचा कागद पुढे आला की सगळे मान डोलावतात. माणसाची साक्ष उलटतपासणीत फिरवता येते, छापील कागदाची उलटतपासणी कशी घेणार?

ही शंका कोणाला अतिशयोक्त वाटत असेल तर त्याने इंग्लंडच्या टपाल खात्याचे प्रकरण वाचावे. ज्या देशाच्या पुराव्याच्या कायद्यावर आमचा कायदा बेतलेला आहे, त्याच देशात हे घडले.

ब्रिटनमध्ये गावोगावची लहान टपाल कार्यालये स्थानिक दुकानदार कंत्राटावर चालवतात. त्यांना सब-पोस्टमास्तर म्हणतात. यात भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांची संख्या मोठी. १९९९ पासून तेथे 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवली गेली. ती फुजित्सू कंपनीच्या मालकीच्या संस्थेने तयार केली होती. प्रणाली आली आणि ठिकठिकाणी हिशेबात तूट दिसू लागली. गल्ल्यात पैसे बरोबर, पडद्यावर कमी. कंत्राटाप्रमाणे तूट सब-पोस्टमास्तरने भरायची. लोकांनी घरे गहाण टाकली, नातेवाईकांकडून उसने घेतले आणि भरत राहिले. मदतीसाठी फोन केला तर अनेकांना सांगण्यात आले की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात. प्रत्येकाला एकटे पाडणे ही व्यवस्थेची जुनी युक्ती आहे, ती आमच्या वाचकांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे खटले सुरू झाले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आले. त्यांतील सुमारे सातशे खटले टपाल कंपनीने स्वतःच चालवले होते. म्हणजे फिर्यादी तीच, तपास करणारी तीच आणि खटला चालवणारीही तीच. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० साली पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या. फुजित्सूच्या एका अभियंत्याने त्यांच्या खटल्यात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. प्रणालीतल्या ज्ञात चुका बचाव पक्षापुढे आल्याच नाहीत. ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांच्यावर सुमारे २५ हजार पौंडांच्या तुटीसाठी दिवाणी दावा लावला. वकील परवडेना म्हणून ते स्वतःच उभे राहिले. २००७ मध्ये ते हरले आणि खर्चापोटी ३ लाख २१ हजार पौंडांचा बोजा त्यांच्या अंगावर आला. दिवाळे निघाले. वकील नसलेला माणूस विरुद्ध संगणक, हा सामना कसा संपतो हे यावरून दिसते.

आता कायद्याचा भाग पाहा. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यात ६९ वे कलम होते. संगणकाचा पुरावा द्यायचा असेल तर तो संगणक त्या वेळी नीट चालत होता हे आधी दाखवले पाहिजे, असे ते सांगत होते. हे कलम अडचणीचे आहे म्हणून १९९९ च्या कायद्याने ते काढून टाकले. त्यानंतर गृहीतक उलटे झाले. संगणक बरोबरच आहे असे धरून चालायचे, चुकीचा आहे असे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचे. कशाने सिद्ध करणार? प्रोग्राम कंपनीच्या ताब्यात, चुकांची यादी कंपनीच्या ताब्यात, नोंदी कंपनीच्या ताब्यात. ज्या वर्षी होरायझन आले त्याच वर्षी हे कलम काढणारा कायदा झाला. त्याला योगायोग म्हणा, पण या योगायोगाने शेकडो घरे उद्ध्वस्त केली.

हा किल्ला फुटला तो अॅलन बेट्स या बडतर्फ सब-पोस्टमास्तरच्या चिकाटीने. त्यांनी एकटे पाडलेल्या माणसांना एकमेकांशी जोडले, संघटना बांधली आणि ५५५ जणांचा सामुदायिक दावा उभा केला. परंतु आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस निराळा आहे. रिचर्ड रोल नावाचा गृहस्थ २००१ ते २००४ या काळात फुजित्सूमध्ये दुरुस्तीच्या कामावर होता. टपाल कंपनी सांगत होती की सब-पोस्टमास्तरच्या खात्यात बाहेरून कोणी हात घालूच शकत नाही. रोल यांनी २०१५ मध्ये बीबीसीवर आणि २०१९ मध्ये न्यायालयात सांगितले की घालता येतो, आम्ही घालत होतो, आणि ते त्या माणसाला कळतही नसे. न्यायमूर्ती फ्रेझर यांनी डिसेंबर २०१९ मध्ये प्रणाली सदोष होती असा निकाल दिला. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द झाली, त्यांत सीमा मिश्रा होत्या. उरलेल्यांसाठी मे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. जुलै २०२५ मध्ये चौकशी समितीच्या अहवालाचा पहिला भाग आला. या छळामुळे किमान तेरा जणांनी आत्महत्या केली असावी, असे त्यात नोंदवलेले आहे.

एका सॉफ्टवेअर कामगाराने तोंड उघडले म्हणून हे शक्य झाले. तो गप्प राहिला असता तर? त्याच्याबरोबर काम करणारे बाकीचे गप्पच राहिले होते. त्यांना काय माहीत होते आणि काय नव्हते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता आपल्याकडे येऊ. १८७२ च्या पुरावा कायद्यात २००० साली ६५ ब हे कलम आले. संगणकाचा उतारा पुरावा म्हणून द्यायचा तर तो संगणक त्या काळात नीट चालत होता, असे प्रमाणपत्र जोडावे लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र सक्तीचे ठरवले. १ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियम बदलला. आता ते कलम ६३ झाले आहे आणि प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. म्हणजे कागदावर आमचा कायदा ब्रिटनपेक्षा बरा. परंतु वकिलीत जे दिसते ते असे की प्रमाणपत्रावर सही करणारा कारकून त्या यंत्राच्या आत काय आहे ते कधीच पाहिलेला नसतो. छापील मजकूर, खाली सही, वर शिक्का.

आणि हे तर न्यायालयापर्यंत पोहोचणाऱ्यांचे झाले. आमच्या माणसाचा संगणकाशी संबंध न्यायालयात येतच नाही, तो रेशनच्या दुकानात येतो. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी गेली. शिधापत्रिका आधारशी जोडलेली नाही म्हणून घरात रेशन येणे बंद झाले होते. घरचे म्हणाले भुकेने गेली, प्रशासन म्हणाले मलेरियाने. २०१८ च्या आधार निकालात बहुमताच्या न्यायमूर्तींनीही ठसा जुळला नाही एवढ्यावरून कोणाचा हक्क नाकारू नये असे म्हटलेले आहे. हे वाक्य रेशन दुकानाच्या भिंतीवर कोठे लावलेले आम्ही तरी पाहिले नाही.

केंद्राच्या रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. उद्देश भ्रष्टाचार थांबवण्याचा. परिणाम असा की माळरानावर नेटवर्क नाही म्हणून राबलेल्या बाईची हजेरी लागत नव्हती आणि २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढून सांगावे लागले की फोटोचाच फोटो काढून चढवला जातो आहे. चोर आत आणि मजूर बाहेर. आमच्या तरुण मित्राने सांगितलेली पास-नापासाची रेषा येथे प्रत्यक्षात दिसते.

सर्वांत जास्त प्रकरणे आमच्याकडे नावांची येतात. शाळेच्या दाखल्यावर कांबळे एका इंग्रजी स्पेलिंगने, आधारवर एक अक्षर जास्त, बँकेच्या पुस्तकात वडिलांचे नाव आधी आणि आडनाव शेवटी, जातीच्या दाखल्यावर आडनाव आधी. माणूस एकच, संगणकाच्या लेखी चार. २०१७ पासून शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर गेले तेव्हापासून दर वर्षी अशी मुले येतात. पडद्यावर एक ओळ असते आणि अर्ज परत. वर्ष वाया जाते, महाविद्यालय फीसाठी तगादा लावते आणि मुलगी असेल तर घरचे लग्नाचे बोलू लागतात.

येथे एक तुलना करावीशी वाटते. जातपडताळणी समितीशी आम्ही वर्षानुवर्षे भांडत आलो आहोत, तिच्याविषयी आम्हाला प्रेम असण्याचे कारण नाही. तरीही त्या समितीला दावा फेटाळायचा तर नोटीस द्यावी लागते, म्हणणे ऐकावे लागते, कारणांसह आदेश लिहावा लागतो आणि त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते. आदेश हातात असला की भांडता येते. पोर्टल मात्र आदेश देत नाही. त्याच्याखाली कोणाची सही नसते, हुद्दा नसतो, अपील कोठे करायचे ते लिहिलेले नसते. कारण देणे आणि म्हणणे ऐकून घेणे ही नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे यंत्राच्या एका ओळीत संपतात. चवदाव्या आणि एकविसाव्या कलमांचा सगळा आधार "कोणीतरी निर्णय घेतला" यावर उभा आहे. निर्णय कोणीच घेतला नाही, सिस्टिमने घेतला नाही म्हणून झाले, असे म्हटले की दाद कोणाविरुद्ध मागणार?

यावर आमच्या तरुण मित्राचा उपाय म्हणजे शक्य तितके दूर राहा. येथे आमचे त्याच्याशी पटत नाही. तो दूर राहू शकतो, कारण त्याचा पगार खात्यात येतो आणि त्याला कोणासमोर अंगठा लावावा लागत नाही. ज्याला महिन्याचे धान्य हवे आहे त्याला दूर राहण्याची सोय नाही. शिवाय दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सातबारा ऑनलाइन झाला तेव्हा तलाठ्याच्या दारात उभे राहण्याचा जाच थोडा तरी कमी झाला, हे खोटे कसे म्हणावे? गावच्या दुकानात सुटे पैसे हाताला हात लागू नये म्हणून वरून टाकले जात, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. आज त्याच दुकानात क्यूआर कोड लावलेला असतो, मोबाईल दाखवला की व्यवहार झाला. त्या दुकानदाराचे मन बदलले असे आम्ही म्हणत नाही. पण अपमान करण्याची एक संधी कमी झाली, आणि ज्याने तो अपमान सोसला त्यालाच तिची किंमत कळते. यंत्र जात विचारत नाही म्हणून आमच्या लोकांना यंत्र बरे वाटते, यात त्यांचे चुकत नाही. प्रश्न इतकाच की यंत्र चुकले तर विचारायचे कोणाला. तलाठ्याला निदान नाव होते.

सरकार म्हणेल, यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. कायदा आम्ही वाचला आहे. माहितीच्या आधारे माणसाविषयी निर्णय घ्यायचा असेल तर ती माहिती पूर्ण आणि अचूक असल्याची खात्री करावी, असे त्यात आहे. चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्कही आहे. परंतु नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कसूर करणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे, तो सरकारजमा होणार. ज्याचे वर्ष वाया गेले त्याला भरपाईची तरतूद नाही. अधिसूचना काढून सरकारी यंत्रणेला कायद्याबाहेर ठेवण्याची वाटही ठेवलेली आहे. आणि या कायद्याच्या एका कलमाने माहिती अधिकाराच्या ८(१)(जे) मध्ये बदल करून जाहीर हिताची तपासणी तेथून काढली, ते मात्र नियमांबरोबर लगेच अमलात आले. जनतेच्या हक्काला अठरा महिने आणि माहिती अडवण्याला एक दिवसही नाही, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आमच्या समाजातली शेकडो मुले आज पुणे, बंगळूर, हैदराबादला या धंद्यात आहेत. त्यांच्या कराराची कलमे, नोकरी जाण्याची भीती, संघटना नसणे हे सर्व आम्हाला ठाऊक आहे. रिचर्ड रोलसारखे कॅमेऱ्यासमोर जा असे आम्ही म्हणणार नाही. पण अंगठ्याचे यंत्र कसे चुकते, नाव का जुळत नाही, "एरर" कोठून येते, हे विहारातल्या बैठकीत अर्धा तास सांगायला कोणता करार आड येतो? आमच्या मित्राला आम्ही हेच विचारले. दोन रविवार तो टाळाटाळ करीत होता, तिसऱ्या रविवारी लॅपटॉप घेऊन आला. त्या दिवशी तेरा मुलांचे अर्ज का अडकले ते कळले. त्यांतल्या नऊ जणांच्या नावात केवळ एका अक्षराचा किंवा मोकळ्या जागेचा फरक होता.

ज्यांचे अर्ज सध्या अडकलेले आहेत त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून काही सांगतो. अर्ज पोर्टलवर केला तरी त्याची छापील प्रत अर्जासह संबंधित कचेरीच्या आवक विभागात द्यावी आणि तारखेचा शिक्का घ्यावा. नाकारल्याचा संदेश आला की पडद्याचा फोटो तारीख-वेळ दिसेल असा काढावा, पोर्टलवरची ओळ दुसऱ्या दिवशी बदललेली आम्ही पाहिली आहे. सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला नाकारण्याचे कारण लेखी द्यावेच लागते, आणि त्याविरुद्ध तीस दिवसांत पहिले अपील करता येते. अधिसूचित नसेल तर माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(डी) चा उल्लेख करून निर्णयाचे कारण आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव व हुद्दा मागावा. बाधित व्यक्तीला कारण कळवणे हे त्या कलमाप्रमाणे कचेरीचे कर्तव्य आहे. नावातला फरक असेल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे स्पेलिंग धरून आधार आणि बँकेची नोंद आधी दुरुस्त करावी, जातीचा दाखला त्यानंतर. हे काम जूनच्या आत उरकावे. प्रवेश सुरू झाले की सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते.